एकदा टाइप झालेली मराठी

मराठी चॅटबॉट का अडखळतो, असं विचारलं की संगणक क्षेत्रातली माणसं एकच उत्तर देतात: मराठीत डेटा कमी आहे. हे उत्तर अर्धंच खरं आहे. माझं सगळं कामाचं आयुष्य मराठी मजकुरात गेलं. आधी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपी ऑपरेटर होते, मग जुन्या फायली युनिकोडमध्ये आणायचं काम केलं. आता यंत्राने दिलेली मराठी उत्तरं तपासते आणि त्याला शिकवण्यासाठी नमुन्याचे प्रश्न आणि उत्तरं लिहिते. लोकांना हे तीन वेगवेगळे धंदे वाटतात. मला तो एकच धंदा वाटतो, आणि त्याला दोनशे वर्षांहून जास्त इतिहास आहे. आपली भाषा वेचायची, ओळीने लावायची आणि ज्याला ती येत नाही त्याच्या हाती द्यायची, हे ते काम.

सुरुवात महाराष्ट्रात झालीच नाही. ती बंगालमध्ये, सेरामपूर आणि कलकत्त्यात झाली. विल्यम कॅरी हा मिशनरी फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या गोऱ्या साहेबांना मराठी शिकवत असे. त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये कोश. त्या कोशातले मराठी शब्द मोडीत छापलेले आहेत. शब्द आले कुठून? कॉलेजातले मराठीचे पंडित वैजनाथशास्त्री यांच्याकडून. कॅरीच्या हाताशी मजकूर फारच थोडा होता. त्याने जी रीत धरली ती आजही चालू आहे: एकच ग्रंथ घ्यायचा आणि तो अनेक भाषांत उतरवायचा. त्याचा ग्रंथ अर्थातच बायबल होता.

ही रीत जुनी झाली असं कुणी समजू नये. २०२३ मध्ये मेटा कंपनीने अकराशेहून जास्त भाषांतलं बोलणं ओळखणारी यंत्रणा जाहीर केली. एवढ्या भाषांचा आवाज त्यांना एकत्र कुठे मिळाला? बायबलमधल्या नव्या कराराच्या वाचनाच्या ध्वनिमुद्रणांमध्ये. जगातल्या कित्येक भाषांत छापलेलं किंवा ध्वनिमुद्रित केलेलं दुसरं फारसं काही सापडत नाही. यात सोय आहे आणि तोटाही. अशा भाषेत यंत्र पहिल्यांदा तोंड उघडतं ते धर्मग्रंथाच्या शैलीत. बाजारात भाव कसा विचारायचा, पोराला कसं रागवायचं, हे त्याच्या कानावरच पडलेलं नसतं.

ब्रिटिश राजवटीतला अधिकारी ग्रिअर्सन याचं काम मला कॅरीच्या रीतीहून मोलाचं वाटतं. त्याच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्याने जिल्ह्याजिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांकडून तीन गोष्टी मागवल्या: बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या कथेचं स्थानिक बोलीतलं रूप, त्याच बोलीतली एखादी आपली गोष्ट किंवा जबानी, आणि २४१ शब्द व वाक्यांची ठरलेली यादी. पहिली आणि तिसरी गोष्ट सगळ्या बोलींना समान, म्हणजे एकमेकींशी ताडून पाहायला सोपी. दुसरी मात्र ज्या त्या बोलीची स्वतःची. कमी मजकुरात जास्त भाषा कशी पकडावी याचा इतका सरळ आराखडा आजच्या प्रकल्पांतही क्वचित दिसतो. वऱ्हाडी, नागपुरी, हळबी यांचे नमुने त्या खंडात आहेत. कोकणीही आहे, तीही मराठीची बोली म्हणून. पुढे १९९२ मध्ये कोकणी स्वतंत्र भाषा म्हणून घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. कथा सांगणाऱ्या माणसांची नावं मात्र बहुतेक ठिकाणी नाहीत. जिल्हा आहे, बोली आहे, माणूस नाही.

मोल्सवर्थचंही थोडंफार तसंच: नाव एकाचं, काम अनेकांचं. १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश आपण ‘मोल्सवर्थ’ म्हणूनच ओळखतो. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. कोशकार मोल्सवर्थबरोबर जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ होते आणि शास्त्रीमंडळी होती. त्या शास्त्रीमंडळींचा स्वतःचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ मध्येच निघाला होता. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले ही त्यातली नावं. आज हा मोल्सवर्थ, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येतो. मी रोज ते पान उघडून बसते. एखादा शब्द यंत्राने घातला की तो मराठीत होता का, कुठल्या अर्थाने होता, हे पाहायला त्याच्याइतकी हाताशी येणारी दुसरी जागा मला माहीत नाही. कुणीतरी तो कोश अक्षर न् अक्षर टाइप केला आहे, म्हणून तो शोधता येतो. छापलेल्या पानाचा नुसता फोटो असता तर काही उपयोग नव्हता.

इथून माझ्या धंद्याची गोष्ट सुरू होते.

जुळाऱ्यांचा काळ मी शेवटाला पाहिला. केसमधून खिळे उचलून स्टिकमध्ये शब्द जुळवणारी माणसं. त्यांचं मॅटर छापून झालं की खिळे परत केसमध्ये सोडले जायचे. म्हणजे छापील कागदाशिवाय त्या श्रमाचं काहीच मागे राहत नसे. डीटीपी आल्यावर पहिल्यांदाच असं झालं की मराठी मजकूर फाईल म्हणून उरला. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून पुढची वीसेक वर्षं महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांत पुस्तकं, दिवाळी अंक, साप्ताहिकं, लग्नपत्रिका, सहकारी बँकांचे अहवाल, शाळांचे वार्षिक अंक हे सगळं टाइप झालं. ‘डेटा कमी’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. मराठी आधीच टाइप झालेली आहे. फक्त ती यंत्राला वाचता येत नाही.

का, ते नीट सांगते. भारतीय लिप्यांसाठी एक सांकेतिक मानक होतं. आयआयटी कानपूरला त्यावर काम झालं, पुण्याच्या सी-डॅकने संगणकावर भारतीय लिप्या चालवणारं जिस्ट कार्ड काढलं, आणि इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरलं. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक मानकाची पहिली आवृत्ती निघाली; तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. म्हणजे मानक नव्हतं असं नाही. पण पानं मांडायच्या आमच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला त्याचा पत्ता नव्हता. त्याला फक्त इंग्रजी कळायचं. म्हणून फाँट करणाऱ्यांनी तोड काढली: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. एका लोकप्रिय फाँटमध्ये पडद्यावर ‘मराठी’ दिसायचं, पण फायलीत साठवलेली असायची ती एम, ए, आर, ए, झेड, आय ही सहा इंग्रजी अक्षरं. फाँट बदलला की तोच शब्द भलताच दिसायचा. प्रत्येक कंपनीची तुकड्यांची मांडणी वेगळी, एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचीही कधी वेगळी.

या गोंधळाची किंमत जगाला ठळकपणे दिसली ती हिंदीमुळे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या डार्पा या संस्थेने २००३ मध्ये एक प्रयोग केला. संशोधकांच्या अनेक गटांना अचानक एक भाषा सांगायची आणि तिच्यासाठी भाषांतर आणि शोधाची यंत्रणा शून्यातून उभी करायला लावायची. मार्चमध्ये फिलिपिन्सची सेबुआनो दिली, ती रंगीत तालीम होती. जूनमध्ये हिंदी दिली आणि महिनाभराची मुदत. कोट्यवधी लोकांची भाषा, वर्तमानपत्रं भरपूर, सगळ्यांना वाटलं मजकुराची ददात नाही. प्रत्यक्षात मुदतीतला मोठा वेळ गेला तो वर्तमानपत्रांचे निरनिराळे फाँट उलगडण्यात. भाषा मोठी असूनही तिचा डेटा तुटपुंजा ठरू शकतो, हे तिथे दिसलं. ते काम आम्ही पुण्यात एका फायलीला एक असं करत होतो, पण आमच्या कामाचा कुठे अहवाल लिहिला गेला नाही.

ते काम कसं चालतं ते दाखवल्याशिवाय पुढे जाववत नाही. ‘स्थिती’ हा शब्द घ्या. डीटीपीत आम्ही पहिली वेलांटी आधी टाइप करायचो, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. मग अर्धा स, मग थ, मग त, मग दुसरी वेलांटी. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो, म्हणून पहिली वेलांटी उचलून ‘स्थ’ या अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते. कच्चा कन्व्हर्टर ती पहिल्या तुकड्यानंतरच टाकतो आणि ‘सि्थती’ असं काहीतरी तयार होतं. रफाराचं उलट. ‘मूर्ती’ टाइप करताना रफार सगळ्यांत शेवटी यायचा, कारण तो त च्या डोक्यावर बसतो. युनिकोडला तो त च्या आधी हवा. ‘कर्त्यांच्या’ या शब्दात तर रफार आणि अनुस्वार मिळून एकच तुकडा असायचा, त्याचे दोन करून दोघांना दोन दिशांना पाठवायचं. ‘सि्थती’सारखे शब्द महाजालावर आजही हजारोंनी पडले आहेत. यंत्र ते वाचतं आणि मराठी असंच लिहितात असं समजतं.

युनिकोड आल्यावरही सगळं सुरळीत झालं नाही. मी मूळची कऱ्हाडची. माझ्या गावाच्या नावातला तो ‘ऱ्ह’ संगणकात दोन रीतींनी साठवता येतो: नुक्ता असलेला ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच, यंत्राच्या लेखी शब्द दोन. ‘ॲ’ चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेत त्याला मान्यता मिळाली. त्याआधी लोक अ वर चंद्र देत आणि आजही देतात. मुळात थोडा असलेला मजकूर असा आतून आणखी वाटला जातो. त्यावर मराठीची विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं. ‘घर’ इंग्रजीत एक शब्द. आपल्याकडे घरात, घरापुढे, घरासमोरच्या, घरासमोरच्यांनाही. इंग्रजीत जे रूप यंत्राला हजारदा भेटतं ते मराठीत चारदा भेटतं, कधी भेटतच नाही.

सरकारी पातळीवर काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९९१ पासून केंद्राच्या योजनेत प्रमुख भारतीय भाषांचे प्रत्येकी सुमारे तीस लाख शब्दांचे संग्रह करायला घेतले गेले. मराठीचं काम डेक्कन कॉलेजने केलं. त्या काळात ते मोठंच होतं. आयआयटी मुंबईने मराठीचं शब्दजाल उभारलं. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि बिनमोबदला लिहिणाऱ्यांनी तो वाढवला. २०१८ मध्ये गूगलने १०४ भाषांचं एक प्रारूप, म्हणजे मजकूर वाचून भाषा शिकणारं यंत्र, केलं, त्यात मराठी आली ती याच विकिपीडियाच्या जोरावर.

पुढच्याच वर्षी फेसबुकने शंभर भाषांचं प्रारूप केलं, त्याचे आकडे पाहण्यासारखे आहेत. इंग्रजीचा मजकूर सुमारे ३०० जीबी, हिंदीचा २०, मराठीचा ३ च्याही खाली. एवढ्या तफावतीत लहान भाषा दबून जाऊ नये म्हणून तिचा मजकूर शिकवताना प्रमाणापेक्षा जास्त वेळा पुढे ठेवतात. दुसरा आधार शेजारणीचा. हिंदी आणि मराठीची लिपी एक, पुष्कळ शब्द एक, म्हणून हिंदीत शिकलेलं मराठीत कामी येतं. आधार खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण त्याची खूण माझ्यासमोर रोज येते. ‘मला मदत करा’ ऐवजी ‘माझी मदत करा’. ‘तो म्हणाला’ ऐवजी ‘त्याने म्हणाला’. बिनचूक शुद्धलेखनात लिहिलेली हिंदी वळणाची मराठी. तपासणाऱ्याची नजर चुकली तर तेच वाक्य पुढच्या प्रारूपाला ‘चांगली मराठी’ म्हणून शिकवलं जातं.

इंग्रजीच्या वाटेने जाणाऱ्या बॉटचं दुखणं वेगळं. २०२३ मध्ये ‘जुगलबंदी’ नावाचा व्हॉट्सॲप बॉट हरियाणातल्या बिवान गावी लोकांच्या हाती दिला गेला. सरकारी योजनांची माहिती आपल्या भाषेत विचारायची, ऐकायची. आत काय चालायचं? बोलणं लिहून घ्यायचं, इंग्रजीत न्यायचं, इंग्रजीत उत्तर शोधायचं, परत भाषेत आणून वाचून दाखवायचं. कमी डेटातून लोकांच्या उपयोगी पडणारं काही उभं करायचं तर हा रस्ता शहाणपणाचा होता, असं माझं मत आहे. पण मराठी या रस्त्याने गेली की वाटेत काही हरवतं. बाई म्हणते ‘मी गेले होते’, परत येताना ‘मी गेलो होतो’ होऊन येतं. ‘आपण अर्ज भरू’ आणि ‘आम्ही अर्ज भरू’ यांत कोण आत आणि कोण बाहेर, हे इंग्रजीतून जाताना पुसलं जातं. सासूबाईंना कुणी ‘तू’ म्हटलं तर चालेल का? बॉटने म्हटलेलं मी वाचलं आहे.

या सगळ्यावर उतारा माणसंच आहेत, हे गेल्या काही वर्षांत पुन्हा सिद्ध झालं. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये सुमारे अडीच कोटी मराठी वाक्यांचा संग्रह आणि त्यावरची प्रारूपं सगळ्यांसाठी खुली केली. मद्रास आयआयटीच्या एआयफॉरभारतने इंग्रजी आणि अकरा भारतीय भाषांच्या जोडवाक्यांचा ‘समानांतर’ हा मोठा संग्रह केला. ‘आया’ नावाच्या प्रकल्पात ११९ देशांतल्या सुमारे तीन हजार लोकांनी आपापल्या भाषेत प्रश्न आणि उत्तरं हाताने लिहिली, मराठीतही. हाताने लिहिलेल्या थोड्या उत्तरांनी जे साधतं ते भाषांतरित लाखो उत्तरांनी साधत नाही. हे मी या कामात असल्यामुळे म्हणत नाही. दोन्ही प्रकारची मराठी शेजारी ठेवून कुणीही वाचावी.

मला सगळ्यांत आवडणारं काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. कार्या या उपक्रमाच्या संशोधकांनी मराठी आवाज गोळा केले, तीन गटांकडून: कमी मिळकतीची खेड्यातली माणसं, कमी मिळकतीची शहरातली माणसं आणि विद्यापीठातले विद्यार्थी. एकूण ३६ जण, १०९ तास. असं काम तोवर बहुधा विद्यार्थ्यांना देत आले होते. निष्कर्ष असा की गरीब माणसांनी केलेलं काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचं आहे. मजुरी द्यावी आणि भाषा घ्यावी, असा सरळ व्यवहार शक्य आहे हे त्याने दाखवलं. वैजनाथशास्त्र्यांना कॉलेजात पगार होता. ग्रिअर्सनला उधळ्या पुत्राची गोष्ट सांगणाऱ्याला काय मिळालं असेल?

मराठीची ही कथा तर गोंडीची काय सांगावी. गडचिरोली-चंद्रपूरपासून छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणापर्यंत पसरलेली भाषा. २०११ च्या जनगणनेत जवळजवळ तीस लाखांची. इकडे तिच्यावर मराठीची छाया, तिकडे तेलुगूची, हिंदीची. कुणी देवनागरीत लिहितं, कुणी तेलुगू लिपीत. स्वतःच्या लिप्याही आहेत, त्यांतली मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. तिच्याजवळ आमच्यासारख्या वीस वर्षांच्या फायली कुठल्या? म्हणून काम उलट्या टोकाने सुरू झालं. अनेक राज्यांतले गोंडी बोलणारे कार्यशाळांतून एकत्र बसले, समान शब्द कुठले ते ठरवलं, कोश केला. मुलांच्या गोष्टी गोंडीत आणल्या, फोनवर ऐकता येतील अशी सोय केली. २०२० च्या अहवालानुसार या सगळ्यातून हाती आली ती बारा हजारांहून थोडी कमी भाषांतरित शब्द-वाक्यं आणि पुढेही मदत करतील अशी साडेसहाशेहून जास्त माणसं. यंत्राच्या हिशेबात बारा हजार म्हणजे काहीच नाही. मला मात्र यात ती माणसं हा खरा ठेवा वाटतो, कारण ती आहेत तोवर तेराव्या हजाराचीही सोय आहे. शिवाय आधी समाजाच्या उपयोगाचं पुस्तक झालं, मग यंत्राचा खुराक. मराठीत हा क्रम आपण क्वचितच पाळला.

आता थेट वाचकांना सांगते. ज्यांचा छापखाना होता, प्रकाशन होतं, साप्ताहिक होतं, त्यांच्या माळ्यावर फ्लॉप्या आणि सीडी असतील. त्या भंगारात देऊ नका. चुंबकी तबकड्या आणि सीड्या कायमच्या टिकत नाहीत, म्हणून त्या आधी नव्या डिस्कवर उतरवून घ्या. फायली विद्यापीठाला, ग्रंथालयाला किंवा विकिस्रोतसारख्या खुल्या प्रकल्पाला देताना लेखकाची परवानगी लेखी घ्या, आणि टाइप करणाऱ्याचं नाव आठवत असेल तर तेही लिहा. ज्यांच्याजवळ फायली नाहीत पण आवाज आहे त्यांना सरकारच्या भाषिणीवर ‘भाषादान’ करता येतं, मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी वाक्यं वाचून देता येतात. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांनी तर जरूर द्यावीत. आणि जुनी फाईल देताना एक गोष्ट कृपा करून विसरू नका: ज्या फाँटमध्ये ती टाइप केली तो फाँटही सोबत द्या. तो नसेल तर फायलीत फक्त इंग्रजी अक्षरं उरतात.